शब्द कोणी टाकायचा?

नगरमध्ये रिक्षावाल्याला नुसतं 'कॅम्प' म्हटलं तरी पुरतं. तो काही न विचारता भिंगारच्या दिशेला वळतो. १८०३ च्या ऑगस्टात आर्थर वेलस्लीने शिंद्यांच्या शिबंदीकडून किल्ला घेतला, आणि पुढे इंग्रजी अमल बसल्यावर गावाच्या या अंगाला पलटणी आल्या. आणि पलटणी असल्या की आज ना उद्या कैदीही येतात. जवळ समुद्र नाही, सरहद्द नाही, आगगाडी मात्र गावापर्यंत येते. परमुलखातला माणूस डांबून ठेवायला इंग्रजांना नगर फार मानवलं. १९०१-०२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतले बोअर शेतकरी इथे आणले. पहिल्या महायुद्धात जर्मन व्यापारी, खलाशी, मिशनरी आले. ते युद्ध संपल्यावर त्यांना जहाजांवर चढवून हिंदुस्थानाबाहेर काढलं. त्यांतल्या कित्येकांचा जन्माचा संसार इथे झाला होता, पण तो हिशेबात धरायची कुणाला गरज वाटली नाही.

आपल्याला मात्र कैदी म्हटले की १९४२ चे बारा नेते आठवतात. नेहरू, पटेल, आझाद, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव. शाळेच्या सहली किल्ल्यात जातात, नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं ती जागा पाहून परततात. त्या बारा जणांच्या आधी तीनच वर्षं नगरच्या छावणीत काटेरी तारेमागे कोण होतं, हे सांगणारी पाटी मला तरी दिसलेली नाही.

३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. कुणाला विचारलं नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच घोषणेबरोबर देशभरातल्या जर्मन पुरुषांची धरपकड सुरू झाली, हे फारसं कुणाला आठवत नाही. मुंबई, कराची, कलकत्ता, मद्रास, जिथे सापडेल तिथून उचलायचं आणि नगरला पाठवायचं. ऑस्ट्रिया वर्षभरापूर्वीच हिटलरने गिळलेला असल्यामुळे ऑस्ट्रियनही जर्मनांतच धरले गेले. कायद्याच्या भाषेत हे सगळे शत्रुराष्ट्राचे नागरिक.

आता या माणसांपैकी कुणा एकाचा, १९३९ च्या सुरुवातीला देश सोडून आलेल्या एखाद्या ज्यू डॉक्टरचा पासपोर्ट डोळ्यांसमोर आणा. तपकिरी पुठ्ठा. त्यावर स्वस्तिक पायांत धरलेला गरुड. आत पहिल्या पानावर लाल शाईत ठसठशीत 'जे' हे अक्षर, 'जूड' म्हणजे ज्यू या अर्थाचं. १९३८ च्या ऑक्टोबरपासून जर्मनीतल्या प्रत्येक ज्यूच्या पासपोर्टावर तो शिक्का मारायचा हुकूम निघाला होता. जानेवारी १९३९ पासून नावही बदललं: पुरुषाच्या नावापुढे 'इस्राएल' लावायचं, बाईच्या नावापुढे 'सारा'. आई-बापांनी ठेवलेल्या नावात सरकारने घुसवलेलं हे नाव आणि ते लाल अक्षर एवढंच सांगत होतं की हा माणूस आमचा नाही. त्याच्या नोकरीवर, घरावर, शेवटी जिवावर ज्या राज्याने घाला घातला, त्याच राज्याचा गरुड पुठ्ठ्यावर होता, आणि पकडायला आलेल्या अधिकाऱ्याला पुठ्ठा पुरला. आतलं पान त्याने उघडलं असेलही. हुकुमात त्या पानाबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

म्हणून नगरच्या छावणीत एक विलक्षण मिसळ झाली. हाइनरिश हारर हा ऑस्ट्रियन गिर्यारोहक तिथे होता. १९३८ मध्ये आयगर पर्वताची उत्तरेची भिंत चढून गेल्यावर ज्याने हिटलरबरोबर फोटो काढून घेतला, तोच हा. नाझी पक्षाचा सभासद, एसएसमध्येही नाव. नंगा पर्वताची पाहणी करून परतताना कराचीत पकडला गेला. पुढे नगरहून देवळालीला नेताना त्याने ट्रकमधून उडी टाकून पाहिली, ती साधली नाही. डेहराडूनहून मात्र तो निसटला आणि तिबेटात पोचला. तिथली त्याची सात वर्षं पुस्तकामुळे आणि नंतरच्या सिनेमामुळे जगाला माहीत झाली. नगरचा त्याच्या गोष्टीतला वाटा दोन-चार ओळींचा.

आणि त्याच सुमारास त्याच छावणीत ॲलेक्स ॲरनसन होता. जन्म ब्रेस्लाउचा, १९१२ चा. ज्यू. हिटलर आल्यावर देश सुटला, शिक्षण तुलूज आणि केंब्रिजला झालं आणि १९३७ मध्ये तो शांतिनिकेतनात इंग्रजी शिकवायला आला. सत्ताविशीचा, अंगापिंडाने पुस्तकातलाच माणूस. त्याला आधी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये ठेवलं, मग देश ओलांडून नगरला आणलं. ज्यांच्यापासून जीव घेऊन पळाला, त्यांच्या पंगतीला त्याला बसवलं. युरोपच्या नकाशावर कुठेही जागा न उरलेल्या या माणसाची पुढची वाट काय, हे आता एका कचेरीतली फाइल ठरवणार होती.

या गावाला तसे आश्रित नवे नव्हते. सोळाव्या शतकात इराणच्या शाह इस्माईलच्या रोषातून जीव वाचवून शाह ताहीर नावाचा विद्वान दख्खनेत आला. बुऱ्हाण निजामशहाने त्याला नगरच्या दरबारात ठेवून घेतलं, आणि पुढे त्याच्याच सांगण्यावरून निजामशाहीने शिया पंथ धरला. कुठून आलास, कोणाच्या राज्यातला, हे तिथेही विचारलं गेलं असेल. पण उत्तर ऐकून घेणारा समोर बसलेला होता आणि निर्णय त्याच्याच हातात होता. १९३९ मध्ये निर्णय घेणारा आणि उत्तर देणारा यांच्यामध्ये तीन खाती, दोन सरकारं आणि हजारो किलोमीटर समुद्र होता.

मधली ही वाट चालून जायला कुणीतरी शब्द टाकावा लागतो. मराठीत हा वाक्प्रयोग आपण नोकरीसाठी, कॉलेजातल्या प्रवेशासाठी, फार तर सोयरिकीसाठी वापरतो. शब्द टाकणारा स्वतःचं वजन खर्च करतो, म्हणून त्याला 'खर्ची घालणं' असंही म्हणतात.

ॲरनसनसाठी रवींद्रनाथांनी शब्द खर्ची घातला. त्यांचं वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर, तब्येत ढासळलेली. जालियनवाला बागेनंतर १९१९ मध्ये ज्यांनी सरकारला 'सर' ही पदवी परत केली, त्यांना वीस वर्षांनी त्याच सरकारकडे एका परक्या तरुणासाठी रदबदली करावी लागली. पदवी परत करताना लागलं होतं त्यापेक्षा याला कमी धैर्य लागलं असेल, असं मला वाटत नाही. ॲरनसन सुटला. शांतिनिकेतनात परतल्यावर जगभरच्या वर्तमानपत्रांतली रवींद्रनाथांविषयीची कात्रणं त्याने चाळली, आणि त्यांतून पाश्चात्त्यांनी त्यांना कसं पाहिलं यावरचं त्याचं पुस्तक १९४३ मध्ये निघालं. तोवर रवींद्रनाथ गेले होते. ॲरनसन पुढे ढाक्याला शिकवायला गेला, मग इस्रायलमध्ये स्थिरावला. बंगालातल्या आपल्या वर्षांच्या आठवणी त्याने म्हातारपणी लिहून काढल्या.

प्रत्येकाच्या मागे रवींद्रनाथ नव्हते. बाकीच्यांचा भार मुंबईतल्या ज्यूइश रिलीफ असोसिएशनवर पडला. ही संस्था १९३४ मध्ये निघाली होती. युद्धाआधी हिंदुस्थानचा व्हिसा हवा असेल तर हा माणूस सरकारच्या डोक्यावर बसणार नाही अशी हमी कुणीतरी द्यावी लागे. ती हमी असोसिएशन देई, आणि तिच्या भरवशावर माणसं मुंबई बंदरात उतरत. जर्मन भाषिक युरोपातून असे एकूण हजार-दोन हजारांच्या घरात लोक आले असतील. डॉक्टर, दंतवैद्य, वादक, चित्रकार, अभियंते. स्वागत सगळीकडे झालं असं नाही. परक्या डॉक्टरांची गर्दी झाली तर आमच्या पोटावर पाय येईल, अशी देशी डॉक्टरांची तक्रार होती. कोकणातल्या बेने इस्रायलींना आपण शनिवार तेली म्हणत आलो. घरात मराठी बोलणारे, नऊवारी नेसणारे हे ज्यू आणि व्हिएन्नाहून आलेला पियानोवादक, यांची प्रार्थना एक असली तरी बोलायला भाषा नव्हती. नगरमध्ये आपलीच माणसं कोंडली गेल्यावर असोसिएशनने सरकारचे उंबरे झिजवले. मागणं एकच होतं: यांना एक-एक करून तपासा, घाऊक मोजू नका.

सरकारने ते मान्य केलं. सर माल्कम डार्लिंग यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली आणि ती नगरच्या छावणीतल्या माणसांची प्रकरणं तपासू लागली. डार्लिंग हे नाव अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पंजाबी शेतकऱ्याच्या कर्जावरच्या पुस्तकामुळे माहीत असतं. मराठी वाचकाशी त्यांचं नातं निराळं आहे: नोकरीच्या सुरुवातीला ते देवासच्या तुकोजीराव पवारांचे शिक्षक होते, आणि त्या मराठा राजाशी त्यांची जन्माची मैत्री जडली. त्यांच्यामुळेच इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर देवासला पोचला. सावकाराच्या वहीत अडकलेल्या कुळाचं म्हणणं वर्षानुवर्षं ऐकलेला हा अधिकारी नगरला आला, ही त्या माणसांच्या नशिबातली एक बरी गोष्ट. बरेचसे ज्यू आणि नाझीविरोधी लोक त्या चौकशीतून सुटले.

सुटका फार टिकली नाही. १९४० च्या मे-जूनमध्ये हॉलंड, बेल्जियम, फ्रान्स पडले, आणि घरभेद्यांची भीती लंडनहून दिल्लीपर्यंत पसरली. सोडलेल्यांपैकी अनेकांना पुन्हा बोलावणं आलं. इंग्लंडमध्ये तर निर्वासितांना जहाजात कोंबून ऑस्ट्रेलियाला आणि कॅनडाला पाठवलं. त्यांपैकी 'डुनेरा' जहाजावरच्या हालांवरून पार्लमेंटात आरडाओरड झाली. आपल्याकडे कुटुंबवाल्यांसाठी सातारा आणि पुरंदर इथे पॅरोलच्या वसाहती उघडल्या. ज्या पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला, ज्याच्या पायथ्याशी जयसिंगाशी तह झाला, त्या गडावर जर्मन बायका पोरांचे झगे वाळत घालत होत्या. तटाबाहेर पाऊल टाकायचं तर परवाना हवा, पण निदान काटेरी तार नव्हती आणि नवरा-बायको एका छपराखाली होते.

नगरची छावणी १९४१ मध्ये हलली. लोक देवळालीला, तिथून डेहराडूनला गेले. तिथे नाझींचे आणि नाझीविरोधकांचे विभाग अखेर वेगळे करण्यात आले, हे शहाणपण यायला दोन वर्षं लागली. त्याच १९४१ च्या नोव्हेंबरात जर्मनीने हुकूम काढून देशाबाहेर राहणाऱ्या सगळ्या ज्यूंचं नागरिकत्व रद्द केलं. म्हणजे कालपर्यंत जो शत्रूचा नागरिक म्हणून आत होता, तो आज कोणाचाच उरला नाही. परत पाठवायचं म्हटलं तरी कुठे, याला उत्तर नव्हतं.

इथे मला नेहरूंकडे यायचं आहे, कारण नगरची त्यांची खोली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. १९३८ च्या उन्हाळ्यात ते युरोपात होते. प्रागला जाऊन आले, हिटलरच्या छायेतली माणसं त्यांनी पाहिली. डिसेंबरात काँग्रेस कार्यकारिणी वर्ध्याला जमली तेव्हा ज्यू निर्वासितांतल्या तज्ज्ञांना हिंदुस्थानात काम करू द्यायला हरकत नाही, अशा अर्थाचा ठराव त्यांनी मांडला. तो टिकला नाही. तेव्हाचे अध्यक्ष सुभाषबाबू. त्रिपुरी अधिवेशनातल्या भांडणानंतर, मार्च १९३९ अखेर त्यांनी नेहरूंना जे लांबलचक पत्र लिहिलं, त्यातल्या तक्रारींत याही ठरावाची तक्रार आहे: हिंदुस्थानला ज्यूंचं आश्रयस्थान करू पाहणारा ठराव पाहून आपण थक्क झालो, असा त्यांचा रोख. नेहरूंचं उत्तर वाचताना मात्र मी थबकतो. ज्यूंना मदत व्हावी म्हणून आपण हे मांडलं नव्हतं, ती झाली तर बरीच. पण मुख्य हेतू देशाला उत्तम शास्त्रज्ञ नि तंत्रज्ञ स्वस्तात मिळावेत हा होता, अशी त्यांची बाजू.

हे खरं मनातलं की पक्षाच्या गळी उतरवायची युक्ती? मला युक्तीच वाटते. निर्वासिताची वकिली करणाऱ्याला नेहमी हा फाटा लागतो. जीव वाचवा म्हटलं की समोरचा कान झाकतो, म्हणून हा तुमच्या किती उपयोगाचा आहे हे सांगावं लागतं. डॉक्टर आहे, अभियंता आहे. ज्याच्या हातात काहीच कसब नाही, त्या म्हाताऱ्याचं, त्या पोराचं काय? वर्ध्याच्या ठरावात त्यांना जागा नव्हती. तो ठराव मांडणारा साडेतीन वर्षांनी स्वतःच नगरला कैदी होऊन आला, तेव्हा जर्मन हलून गेलेले होते. आधी तिथे असलेल्यांबद्दल त्याला कुणी काही सांगितलं असेल का, कोण जाणे.

पोरांचा प्रश्न आला तो पोलंडच्या बाजूने, आणि तो आपल्या कोल्हापूरच्या दारात आला. १९४० च्या फेब्रुवारीपासून सोव्हिएत रशियाने पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं उचलून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकली होती. हिटलरने रशियावर चाल केल्यावर स्टालिनने त्यांची सुटका केली. त्यांतले काही इराणमार्गे बाहेर पडले, त्यांत पुष्कळ बायका आणि पोरं. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी १९४२ मध्ये जामनगरजवळ बालाचडीला अनाथ मुलांसाठी छावणी काढली. पोरं त्यांना बापू म्हणत. १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवड्याला मोठी वसाहत उभी राहिली, पाचेक हजारांची. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकाचा रंगमंच, सगळं पोलिश. सैबेरियात दात गमावलेल्या बायका करवीरच्या बाजारात भाव करायला शिकल्या.

मग युद्ध संपलं आणि खरी धास्ती सुरू झाली. याल्टाच्या वाटाघाटीत पोलंडचा पूर्वभाग रशियाला गेला होता. ५ जुलै १९४५ ला ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सातलं नवं, मॉस्कोच्या मर्जीतलं सरकार मान्य केलं. आता हिंदुस्थानातल्या या लोकांनी 'घरी' जावं, असा दबाव येऊ लागला. घर ज्या गावात होतं ते गावच रशियात गेलेलं. ज्यांनी बापाला नेलं त्यांच्याच हवाली होणं, याला घरी जाणं म्हणायचं. मोठ्या माणसाला निदान नाही म्हणता येत होतं. आईबाप नसलेल्या पोराचं नाही कोणी ऐकायचं? ते ज्या देशाचं, त्या देशाचं सरकार त्याचं पालक, असा कायदा.

बालाचडीत यावर एक तोड निघाली आणि ती आपल्या मातीतली होती. जामसाहेब, छावणीप्रमुख फादर फ्रान्सिशेक प्लूटा आणि ब्रिटिश संपर्क अधिकारी जेफ्री क्लार्क, तिघांनी मिळून अनाथ मुलांना दत्तक घेतलं. दत्तक म्हटलं की आपल्याला डलहौसी आठवतो. १८४८ मध्ये साताऱ्याचं दत्तक नामंजूर करून त्याने राज्य खालसा केलं, पुढे नागपूर, झाशी. शंभर वर्षं होत आली होती, आणि एक संस्थानिक, एक पाद्री व खुद्द इंग्रजांचा अधिकारी, तिघे मिळून त्याच दत्तकविधानाचा आडोसा पोरांपुढे धरत होते. कागदोपत्री पालक ठरलेला असल्यावर मुलं मागायला कोणाचं सरकार येणार? वॉर्साने फादर प्लूटांना पोरं पळवणारा ठरवलं. त्यांनी काही मुलं अमेरिकेपर्यंत नेली. बालाचडी बंद झाली तेव्हा उरलेली मुलं वळिवड्याला आली.

१९४६ चा हिवाळा मात्र हद्दपारी आणि तिचा कायदा, दोन्ही एकदम घेऊन आला. डेहराडून-पुरंदरच्या जर्मनांपैकी उरलेल्यांना मुंबईहून बोटीत बसवून हॅम्बुर्गला धाडलं, बॉम्बने पडलेल्या, उपाशी, गोठलेल्या शहरात. आणि नोव्हेंबरात विदेशी व्यक्तींबाबतचा कायदा झाला. परक्याला देशाबाहेर जायला सांगण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला. त्यात पर्यटक, हेर आणि जीव वाचवून आलेला माणूस, तिघे एकाच शब्दात बसतात. स्वतंत्र भारताने तो तसाच चालवला, १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केली नाही, आणि २०२५ मध्ये नवा कायदा येईपर्यंत परक्यांचा कारभार मुख्यत्वे त्याच्यावर चालला. मधल्या काळात कुणाला थांबवून घेतलं असेल तर ते न्यायालयाने, नाहीतर कुणीतरी टाकलेल्या शब्दाने. अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांना हुसकावून लावायचा घाट घातला गेला तेव्हा मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि जगण्याचा हक्क नागरिक नसलेल्यालाही आहे असं न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं.

वळिवड्याहून पोलंडला परतले ते थोडेच. बाकीचे १९४७-४८ मध्ये टप्प्याटप्प्याने इंग्लंडला आणि पूर्व आफ्रिकेतल्या छावण्यांत गेले. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात १९९८ मध्ये त्यांचं स्मारक उभं राहिलं; म्हातारे झालेले वळिवडेकर युरोपातून येऊन तिथे फुलं ठेवून जातात. बराकी मोकळ्या झाल्या तेव्हा फाळणीची गाडी आलेली होतीच. सिंधमधून आलेली कुटुंबं त्याच बराकींत उतरली. त्या जागेचं नाव गांधीनगर पडलं, आणि लग्नाचा बस्ता बांधायला आज कोल्हापूर, सांगलीकडची माणसं तिथे जातात.